पडद्यावर बरोबर, फाइलमध्ये चूक: नववी-दहावीला ऑफिस सॉफ्टवेअर शिकवताना या चुका टाळा

तासिका संपायला पाच मिनिटे उरलेली असतात. विद्यार्थ्याने वर्गाचे गुणपत्रक तयार केलेले असते. रेघा नीट आखलेल्या, शीर्षक ठळक, तळाशी बेरीज. शिक्षक पडद्याकडे पाहतात, ‘छान’ म्हणतात आणि पुढच्या संगणकाकडे वळतात. ती बेरीज मुलाने खिशातल्या कॅल्क्युलेटरवर करून हाताने टाइप केलेली आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. एखादा गुण बदलून पाहिला असता, तर ते क्षणात कळले असते. मीही पहिली काही वर्षे असेच तपासत होतो. मुलांच्या बहुतेक चुकांचे मूळ आपल्या या सवयीत असते, असे आता माझे मत झाले आहे: आपण दिसण्याला गुण देतो, म्हणून मुले दिसण्यापुरतेच काम करतात. पुढील चुका त्याच दृष्टीने वाचाव्यात.

स्पेसबार आणि एंटर यांवर उभा असलेला अर्ज

वर्डमध्ये अर्ज लिहायला सांगितला की दिनांक उजवीकडे नेण्यासाठी मुले स्पेसबार चाळीस वेळा दाबतात आणि नवे पान हवे असेल, तर एंटर दाबत राहतात. छापील प्रतीत काहीच खटकत नाही. परंतु अक्षरांचा आकार १२ वरून १४ केला की दिनांक तुटून पुढच्या ओळीत जातो आणि ‘आपला विश्वासू’ दुसऱ्या पानाच्या मध्यावर एकटेच जाऊन बसते.

यावर ओरडण्यापेक्षा होम टॅबवरचे परिच्छेदखुणा दाखवणारे बटण पहिल्याच दिवशी सुरू करून द्यावे. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबूनही ते सुरू होते. प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका आणि प्रत्येक एंटरच्या जागी खूण दिसू लागली की, आपण काय करून ठेवले आहे, हे मुलांना न सांगता कळते. त्यानंतर उजवे अलाइनमेंट, टॅब आणि नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर शिकवल्यास त्यांची गरज मुलांना आधीच पटलेली असते.

मराठीसाठी जुना फॉन्ट

अनेक शाळांच्या संगणकांत कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारखे जुने फॉन्ट अजून आहेत आणि कार्यालयातील जुनी पत्रे त्यांतच असल्यामुळे मुलांनाही तेच दिले जातात. या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात साठतात ती इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवतो, एवढेच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय त्यात नाव शोधता येत नाही आणि यादीही अकारविल्हे लागत नाही.

परीक्षा सोपी आहे. मजकूर निवडून फॉन्ट बदलून एरियल करावा. मराठी मराठीच राहिली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरे उमटली, तर नाही. मुलांना सुरुवातीपासून युनिकोड आणि शक्य तर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक द्यावा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्याने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातांत तो लवकर बसतो. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असलेली मुले पहिले आठ दिवस कुरकुरतात. ती कुरकुर ऐकून घ्यावी, पण मागे हटू नये.

सेलमध्ये काय साठले आहे, हे न सांगता फॉर्म्युला शिकवणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. एक्सेल म्हणजे आखलेला कागद, अशी समजूत मुलांच्या मनात एकदा बसली की ती दहावी संपेपर्यंत निघत नाही. म्हणून फॉर्म्युल्याच्या आधी मी एक तासिका एवढ्यासाठीच घेतो की सेलमध्ये दिसणारी गोष्ट आणि साठलेली गोष्ट वेगळी असू शकते. एका सेलमध्ये १ जानेवारी २०२५ ही तारीख लिहायला सांगतो आणि मग सेलचा प्रकार ‘जनरल’ करायला सांगतो. तारखेच्या जागी ४५६५८ हा आकडा येतो. वर्गात गलका होतो. एक्सेलच्या दृष्टीने तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० या पहिल्या दिवसापासून मोजत आणलेला दिवसांचा आकडा आहे, हे त्या गलक्यातच सांगून टाकावे. नंतर दोन तारखांची वजाबाकी कशी होते, हे वेगळे समजवावे लागत नाही.

तारखांचा दुसरा घोळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल, तर ०३/०७/२०१० ही आपली ३ जुलै तेथे ७ मार्च होते आणि २३/०७/२०१० ही तारीख न कळल्यामुळे तशीच मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही जन्मतारखा गुपचूप चुकतात आणि काही तारखाच राहत नाहीत. ओळखण्याची खूण मुलांच्या अंगवळणी पाडावी: आपण अलाइनमेंटला हात लावलेला नसेल, तर संख्या आणि तारखा सेलच्या उजव्या कडेला लागतात आणि मजकूर डाव्या. तारीख डावीकडे दिसली की थांबायचे आणि विंडोजची प्रादेशिक मांडणी भारताची करून मगच पुढे जायचे.

हीच खूण आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. काही मराठी कळफलकांवर आकड्यांच्या ओळीतून देवनागरी अंक उमटतात. गुणांचा कॉलम दिसायला सुंदर असतो, पण बेरीज शून्य येते, कारण एक्सेलच्या लेखी तो सगळा मजकूर असतो आणि ‘सम’ हा फॉर्म्युला मजकूर सोडून देतो. मुले फॉर्म्युला पुन्हा पुन्हा लिहून पाहतात; चूक फॉर्म्युल्यात नसतेच. आकडे भरताना कळफलक इंग्रजी करावा.

आता लांब क्रमांकांविषयी. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते, त्यापुढच्या प्रत्येक अंकाच्या जागी शून्य भरते. सरल या राज्याच्या शालेय माहिती प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक १९ अंकी असतो. एकदा मी मोठ्या उत्साहाने दहावीच्या मुलांकडून वर्गाची यादी तयार करून घेतली. क्रमांकाच्या जागी मध्येच ‘ई’ हे इंग्रजी अक्षर आणि अधिकचे चिन्ह असलेले काहीतरी दिसू लागले, म्हणून मीच कॉलमचा प्रकार ‘नंबर’ करून दिला. अंक पूर्ण दिसू लागले, मीही निश्चिंत झालो. यादी कार्यालयात गेल्यावर लिपिकांनी विचारले, “सर, सगळ्या पोरांना एकच नंबर कसा हो?” क्रमांकांचा सुरुवातीचा भाग सारखा होता आणि वेगळेपण सांगणारे शेवटचे चार अंक शून्य झाले होते. गेलेले अंक सेलचा प्रकार बदलून परत येत नाहीत. यादी पुन्हा भरावी लागली.

येथे मुलांना एक बारीक भेद दाखवता येतो. १२ अंकी क्रमांकही एक्सेल तसाच विचित्र आखडून दाखवते, पण तो १५ अंकांच्या आत असल्याने आत सुखरूप असतो आणि प्रकार बदलला की पूर्ण दिसतो. दोन्ही सारखेच बिघडलेले दिसतात, पण त्यांतला एकच खरा बिघडलेला असतो. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खाते क्रमांकांची गत तिसरी: सुरुवातीची शून्ये गळून पडतात आणि उरलेला क्रमांक पूर्ण असल्यासारखा दिसतो. ज्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, त्या कॉलमचा प्रकार भरण्यापूर्वी ‘टेक्स्ट’ करावा, हा नियम वहीत लिहून द्यावा. आणि सरावासाठी मुलांचे खरे आधार क्रमांक कधीही वापरू नयेत. काल्पनिक अंक लिहून द्यायला दोन मिनिटे लागतात.

दर फॉर्म्युल्यात कोंबणे

बिल तयार करताना १८ टक्के जीएसटीचा दर मुले प्रत्येक ओळीच्या फॉर्म्युल्यात टाइप करतात. दर बदलला की चाळीस ठिकाणी बदल. जरा हुशार मुले दर एका सेलमध्ये, समजा एफ१ मध्ये ठेवतात आणि फॉर्म्युला खाली ओढतात. तेव्हा पहिल्या ओळीत कर येतो आणि पुढे सगळीकडे शून्य, कारण ओढताना एफ१ चे एफ२, एफ३ होत जाते. एफ४ ही कळ दाबून डॉलरची चिन्हे लावायची, म्हणजे ओढताना सेलचा पत्ता बदलत नाही, हे आपण आधीच सांगून टाकतो आणि मुले ते पाढ्यासारखे पाठ करतात. त्यापेक्षा शून्ये येऊ द्यावीत, तिसऱ्या ओळीतला फॉर्म्युला मुलांनाच मोठ्याने वाचायला लावावा. “सर, हा रिकाम्या डब्यात बघतोय!” असे एकदा एक मुलगा म्हणाला, याहून चांगली व्याख्या मला सुचलेली नाही.

बिलातच दशांशांचा खेळही दाखवावा. दोन सेलमध्ये १०.४ लिहून त्यांची बेरीज करावी आणि तिन्ही सेलमधले दशांश लपवावेत. पडद्यावर १० आणि १० यांची बेरीज २१ दिसते. लपवणे वेगळे आणि ‘राउंड’ फॉर्म्युल्याने संख्या खरोखर पूर्णांकात आणणे वेगळे, हे दुकानात रोज बिल देणाऱ्याला कळलेच पाहिजे.

सरासरीत गैरहजर मुलाला ० लिहिण्याची चूकही अशीच आहे. ‘अॅव्हरेज’ शून्य मोजते, रिकामा सेल किंवा ‘गैरहजर’ हा शब्द मोजत नाही. कोणते बरोबर, हे शाळेच्या नियमावर ठरेल, पण ते न ठरवता काहीतरी लिहिणे चूकच.

सूचना न वाचता बटण दाबणे

यादी गुणानुक्रमे लावताना फक्त गुणांचा कॉलम निवडला, तर एक्सेल विचारते की शेजारचे कॉलमही सोबत घ्यायचे का. मुले न वाचताच नको तो पर्याय निवडतात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. गुण मोठ्याकडून लहानाकडे अगदी ओळीत दिसतात, म्हणून शंकाही येत नाही. फाइल साठवून बंद केली असेल, तर मूळ कागदाशिवाय तरणोपाय नाही. शोभेसाठी एकत्र केलेले सेल असतील, तर हे काम अनेकदा होतच नाही. शीर्षकाखेरीज ‘मर्ज’ वापरू देऊ नये. इंग्रजी सूचनांची मुलांना धास्ती वाटते, म्हणून मी रोजच्या दहा-बारा सूचना मराठी अर्थासह भिंतीवर लावल्या आहेत.

माउस शिक्षकाच्या हातात

चाळीस मुले आणि दहा-बारा चालू संगणक, हे आपले वास्तव आहे. प्रत्येक संगणकावर एकच धीट मुलगा माउस धरतो, बाकीचे पाहतात. आणि अडले की आपण माउस घेऊन दोन क्लिकमध्ये काम करून देतो. मुलांच्या हाती काहीच लागत नाही. दर पाच मिनिटांनी माउस पुढच्याकडे जावा आणि माउस नसलेल्याने तोंडी सांगावे. शिक्षकाने हात मागे बांधून उभे राहावे. हे फार कठीण जाते, अनुभवाने सांगतो.

वीज जाण्याचे निमित्त करून कंट्रोल-एसची सवय लावणे सोपे असते. वर्डची आपोआप प्रत राखण्याची मुदत मुळात १० मिनिटांची असते, तेव्हा तिच्या भरवशावर ३५ मिनिटांच्या तासिकेतले काम सोडता येत नाही. फाइलचे नाव २०२५-०७-१५ असे वर्षापासून सुरू केले की फाइली आपोआप क्रमाने लागतात. ‘नवीन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल२’ यांवर बंदी घालावी. सादरीकरणात उडणारी अक्षरे एक दिवस मनसोक्त उडवू द्यावीत, मग विषय संपतो.

तपासणीची पद्धत

आता मी छापील प्रत मागत नाही. प्रत्येक जोडीची फाइल दुसऱ्या जोडीला देतो आणि सोबत तीन बदलांची चिठ्ठी देतो: एका ग्राहकाची खरेदी वाढवा, मध्येच एक नवे नाव घाला, कराचा दर १८ वरून ५ करा. वेळ पंधरा मिनिटे. फाइल जेथे मोडेल, तेथे कारण लिहायचे. गुण मूळ फाइल तयार करणाऱ्या जोडीला मिळतात किंवा कमी होतात. पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्याच फाइली मोडल्या आणि वर्गात बरीच भांडणे झाली. मागच्या सत्रात नववीतल्या एका मुलीने फाइल सोपवण्यापूर्वी बिलाच्या वरच्या ओळीत पुढच्या जोडीसाठी लिहून ठेवले होते: “दर एफ१ मध्ये आहे, तिथेच बदला. खाली कुठेही हात लावू नका.”