हार्डनेस बरोबर, तरी शाफ्ट तुटला? हीट ट्रीटमेंटमधल्या या चुका टाळा

गळीत हंगाम तोंडावर आला की लातूर, धाराशिवकडच्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट-पिनियनची घाई सुरू होते. त्यातला एखादा तुटला की सगळे मटेरियलवर खापर फोडतात: "ईएन १९ (क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद) सांगून ईएन ८ (साधं कार्बन पोलाद) दिलं." असंही होतं, म्हणून बारवरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक) सर्टिफिकेटशी जुळवून घ्याच. पण माझा पहिला संशय टेंपरिंगवर असतो, म्हणजे कडक केलेला जॉब (भाग) कमी तापमानावर पुन्हा तापवण्यावर.

ईएन १९ साधारण ८५० अंशांवरून तेलात बुडवलं की आत मार्टेन्साइट (पोलादाची एक अंतर्गत रचना) तयार होतं. ते कडक असतं, पण तितकंच ठिसूळ आणि ताणाने भरलेलं. "आज हार्डनिंग उरकू, टेंपरिंग उद्या" म्हणून जॉब रात्रभर तसाच ठेवला, तर सकाळी कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून केसासारखी चीर गेलेली दिसते. जॉब हाताला सोसवेल इतका निवला की लगेच टेंपरिंगच्या भट्टीत गेला पाहिजे. आणि कीवेचा कोपरा धारदार ठेवू नका, रेडियस (गोलाई) द्या.

दुसरी चूक जास्त फसवी. हार्डनेस थोडा जास्त हवा म्हणून ३०० ते ३५० अंशांवर टेंपरिंग करतात. आकडा झकास येतो, पण २५० ते ४०० च्या पट्ट्यात या स्टीलची चिवटता घसरते आणि धक्का बसला की शाफ्ट काचेसारखा तुटतो. धक्के खाणाऱ्या शाफ्टला ५५० ते ६५० अंश द्या. मार्टेन्साइटमधला कार्बन बारीक कार्बाइडच्या रूपात बाहेर पडतो, कडकपणा थोडा उतरतो, चिवटता येते. निकेल-क्रोमचा जॉब टेंपरिंगनंतर भट्टीतच हळूहळू निवू देऊ नका, ठिसूळ होतो; बाहेर काढा. निकेल-क्रोमबरोबर मॉलिब्डेनमही असलेल्या ईएन २४ पोलादाला हा धोका कमी, पण सवय तीच ठेवा. असा ठिसूळपणा हार्डनेस टेस्टरवर दिसत नाही, इम्पॅक्ट टेस्टमध्येच (धक्का देऊन तोडायच्या चाचणीत) कळतो.

जाडीचंही भान हवं. १०० मिमीचा ईएन १९ तेलात बुडवला तर वरून कडक होईल, गाभ्यापर्यंत नाही. तिथे ईएन २४ घ्या. निकेलमुळे तो खोलवर कडक होतो.

आपल्याकडची लाइट हा वेगळाच विषय. मध्येच गेली, भट्टी ७०० पर्यंत उतरली, लाइट आली आणि काट्याने ८५० दाखवताच जॉब तेलात टाकला, तर आतला भाग अजून तापलेलाच नसतो. दर २५ मिमी जाडीला तासाभराचं सोकिंग (त्या तापमानावर धरून ठेवणं), तेही पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. डिसेंबरच्या सकाळी गारठलेलं तेलही घट्ट असतं, उष्णता सावकाश ओढतं. आधी ५० अंशांपर्यंत गरम करा. टाकीच्या तळाशी पाणी साचलं नाही ना, हेही बघा; लाल जॉब पडताच त्याची वाफ होऊन तेल उसळतं, भडकतं.

आणि हार्डनेस कमी आला म्हणून लगेच जॉब पुन्हा भट्टीत घालू नका. उघड्या भट्टीत वरचा थर कार्बन गमावून मऊ पडतो. अर्धा मिलिमीटर ग्राइंड करा, मग मोजा.