ब्रह्मकमळाचे फोटो: कला पण आणि नोंद पण

ब्रह्मकमळाची कळी आधी खाली लोंबते, मग मान वर वळते आणि टोक टम्म फुगतं, तेवढं दिसलं की त्या रात्रीचे प्लॅन कॅन्सल करा, कारण सकाळी फूल मलूल झालेलं असतं. ट्रायपॉड उजेडातच लावा. फ्लॅश अजिबात नको, पांढऱ्या पाकळ्या पार जळतात, त्यापेक्षा टॉर्चला बटर पेपर लावून मागून तिरका उजेड द्या, पाकळीच्या शिरा मस्त दिसतात, आणि एक्स्पोजर थोडं कमी करून लॉक करा. दर अर्ध्या तासाला त्याच जागेवरून एक फोटो. क्लोजअपला फोकस थेट मधल्या फाटे फुटलेल्या स्टिग्मावर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, भोवतीचा पुंकेसरांचा घोळका जरा ब्लर झाला तरी चालतंय.

पण एक बोअरिंग फोटो हवाच, बाजूला मोजपट्टी ठेवून, फुलाची लांब नळी आणि ती जिथून निघते ती खाच दिसेल असा, कारण आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड आहे, हे मेक्सिकोकडचं झाडांवर वाढणारं निवडुंगच. फाइलला तारीख, वेळ आणि एपिफायलम ऑक्सिपेटॅलम हे त्याचं शास्त्रीय नाव, असं नाव द्या.

आणि हो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा, हळदकुंकू शूट झाल्यावर वाहा म्हणून.