गाडीचं नेव्हिगेशन भरकटतंय? नवा स्क्रीन घेण्याआधी अँटेना तपासा

वडोदऱ्यात मांडवीच्या दाट पेठेत नकाशावरचा बाण शेजारच्या गल्लीत सरकला, किंवा अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या रस्त्यातून) जाताना थबकला, तर तो बिघाड नाही. मोकळ्या रस्त्यावरही तसंच होत असेल तर मात्र तपासणी हवी. जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की अँटेना किंवा केबलमधला छोटासा दोषही त्याला पुरतो. म्हणून तपासणी अँटेनापासून सुरू करा.

आधी फोनची केबल आणि ब्लूटूथ काढा. अँड्रॉइड ऑटोवर ठिकाण फोनकडून येतंय की गाडीकडून, हे कळत नाही. गाडीचा स्वतःचाच नकाशा उघडा.

मग नवलखी मैदानासारख्या मोकळ्या जागी गाडी उभी करा. अकोटा–दांडिया बाजार पूल यासाठी नको, तिथे डोक्यावर सोलर पॅनेल आहेत. बॅटरी काढलेली असेल, तर पंधरा मिनिटं थांबाच. उपग्रहांची पूर्ण माहिती यायला साडेबारा मिनिटं लागतात.

आता सेटिंगमध्ये उपग्रहांचा स्क्रीन शोधा. ठिकाण कळायला किमान ४ उपग्रह लागतात. फोनवर जीपीएस तपासायचं ॲप लावून आकडे ताडून पाहा. फोनला ४०च्या आसपास आणि गाडीला २५च्या खाली सिग्नलची ताकद (dB-Hz मध्ये) मिळत असेल, तर संशय अँटेनावर. उपग्रह भरपूर आहेत, पण तारीख साडेएकोणीस वर्षं मागे दाखवतेय? जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ नंतर शून्यावर येतो. हे सॉफ्टवेअरचं काम, अँटेनाला हात लावू नका.

डॅशकॅम आणि स्वस्त चार्जर काढून आकडे पुन्हा बघा, बरेचदा दोष तिथेच सापडतो. काचेवरची धातूचा थर असलेली फिल्मही सिग्नल अडवते.

मग स्टिरिओमागचा कनेक्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत जीपीएसचा कनेक्टर निळा असतो. तो काढून नीट बसवा. अँटेनाची पाठ खाली, तोंड आकाशाकडे हवं.

खरा निवाडा मल्टिमीटर करतो. इग्निशन चालू ठेवून, केबल काढलेल्या सॉकेटची मधली पिन आणि बाहेरची कडा यांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. साधारण ३ ते ५ व्होल्ट मिळायला हवेत, कारण अँटेनातल्या ॲम्प्लिफायरला वीज याच तारेतून जाते. काहीच मिळत नसेल तर दोष बहुधा स्टिरिओत. व्होल्टेज असेल, तर त्याच कनेक्टरचा चुंबकी अँटेना आणून छतावर ठेवा आणि वायर खिडकीतून आत घ्या. काही मिनिटांत उपग्रह दिसू लागले, तर जुना अँटेना किंवा त्याची केबल खराब.

नवी केबल कायमची बसवताना काचेशेजारच्या खांबाच्या आवरणामागून नेणार असाल, तर तिथल्या एअरबॅगसमोरून वायर नेऊ नका. तेवढं काम मेकॅनिककडूनच करून घ्या.