प्लगइनची साईट बंद आहे? डाऊनलोड आणि डॉक्युमेंटेशन इथून मिळवा

ऐन कामाच्या वेळी ओपन सोर्स प्लगइनची साईट बंद पडली की डाऊनलोडही अडतं आणि माहितीही मिळत नाही, पण बहुतेक वेळा तीच फाईल दुसरीकडे पडलेली असते.

१. आधी गिटहब किंवा गिटलॅबवर (कोड ठेवायच्या साईट्स) प्लगइनचं नाव शोधा, तिथे रिलीजेस (प्रकाशित व्हर्जन्सची यादी) उघडा आणि हवं ते व्हर्जन घ्या. फक्त 'सोर्स कोड' लिहिलेली झिप घेऊ नका, तो बऱ्याचदा कच्चा कोड असतो आणि तसाच टाकला तर प्लगइन चालतच नाही, यात माझा अख्खा तास गेलाय, त्यामुळे वेगळी जोडलेली तयार फाईल आहे का ते बघा.

२. डॉक्युमेंटेशनसाठी त्याच रिपॉझिटरीत (तिथल्या प्लगइनच्या कोडच्या साठ्यात) रीडमी आणि डॉक्स फोल्डर बघा. साईटवरची पानं बऱ्याचदा याच फाईल्समधून बनतात.

३. तिथे नसेल तर वेबॅक मशीनमध्ये (वेबसाईट्सच्या जुन्या प्रती जपणारी साईट) प्लगइनच्या साईटचा पत्ता टाका आणि कॅलेंडरमधून साईट बंद पडायच्या आधीची तारीख निवडा. वाचायला उत्तम, पण मोठ्या फाईल्स तिथे सेव्ह झालेल्या असतीलच असं नाही.

४. प्लगइन ज्या भाषेचं किंवा सिस्टीमचं आहे, तिच्या पॅकेज साठ्यातही फाईल शोधा: जावाचं असेल तर मेवन सेंट्रल, पायथॉनचं पायपीआय, जावास्क्रिप्टचं एनपीएम, वर्डप्रेसचं असेल तर त्यांचं एसव्हीएन (प्लगइन्सच्या कोडचा साठा).

एक मात्र पाळाच, घाईत कुठल्यातरी अनोळखी साईटवरची झिप उचलू नका, त्यात काय घुसवलंय कळत नाही. रिलीजसोबत एसएचए-२५६ चेकसम (फाईल बदललेली नाही ना हे तपासायचा कोड) दिला असेल तर आधी तो डाऊनलोड केलेल्या फाईलशी जुळवून बघा, मगच इन्स्टॉल करा.