हेल्थकेअर डेटा अ‍ॅनालिटिक्स कंपनीत नोकरी: या चुका टाळा

या क्षेत्रात रुजू होणाऱ्या बहुतेक मुलामुलींना एसक्यूएल येतं, पायथन येतं, डॅशबोर्डही सुबक करता येतो. अडखळायला होतं ते दुसऱ्याच जागी. समोरच्या टेबलमधली ओळ कोणी भरली आणि कशासाठी भरली, हे विचारायची सवय नसते. बँकेचा किंवा ऑनलाइन विक्रीचा डेटा हाताळून आलेल्या अनुभवी लोकांचंही हेच होतं. नव्या सहकाऱ्यांचं काम तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून त्या इथे मांडते आहे. उदाहरणं बरीचशी अमेरिकी क्लेम्सची, म्हणजे तिथल्या डॉक्टर-रुग्णालयांनी विमा कंपन्यांना पाठवलेल्या बिलांची आहेत, कारण या कंपन्यांचं पुष्कळ काम त्यांच्यावरच चालतं.

कोड दिसला म्हणजे आजार आहे, असं धरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. क्लेम हा पैसे मिळावेत म्हणून पाठवलेला कागद असतो. रुग्णाची खरी हकिगत त्यात असेलच असं नाही. डॉक्टरांना मधुमेहाची शंका आली, त्यांनी रक्ततपासणी लिहून दिली आणि लॅबच्या बिलावर ई११.९ हा टाइप २ मधुमेहाचा कोड पडला. तपासणी नॉर्मल आली. तुमच्या टेबलमध्ये मात्र तो माणूस टाइप २ मधुमेहाचा रुग्ण झाला आणि पुढच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये तो तसाच मोजला जाणार. शंकेला आजाराचा कोड लावू नये असा बाह्यरुग्ण कोडिंगचा नियम आहे, तरी तो लावला जातो.

म्हणून मुरलेली माणसं एका कोडवर विश्वास ठेवत नाहीत. वेगवेगळ्या तारखांच्या दोन बाह्यरुग्ण भेटींत कोड हवा किंवा एकदा रुग्णालयात भरती होताना हवा, आणि नुसत्या लॅब-रेडिओलॉजीच्या क्लेमवरचं निदान धरायचं नाही, असा काहीसा नियम बहुतेक ठिकाणी वापरतात. तुमच्या टीमचा नियम नेमका काय आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. लिहिलेला नसेल तर तुम्ही लिहून काढा.

याची उलट बाजूही तितकीच फसवी आहे. जुना दमा असलेला माणूस यंदा फक्त पाय मोडून आला, तर यंदाच्या क्लेमवर फक्त पाय असेल. कोड नाही म्हणून दमा बरा झाला, असं होत नाही.

जुना डेटा काढताना एक तारीख लक्षात ठेवा: १ ऑक्टोबर २०१५. त्या दिवशी अमेरिका आयसीडी या निदानाच्या कोडसंचाच्या नवव्या आवृत्तीवरून (आयसीडी-९) दहाव्या आवृत्तीवर (आयसीडी-१०) गेली. निदानाचे कोड साधारण १४ हजारांवरून ६८ हजारांच्या घरात गेले आणि मधुमेहाचा २५० हा जुना गट ई०८ ते ई१३ अशा गटांत फुटला. तुमच्या आलेखात एखादा आजार नेमका त्याच महिन्यात वाढलेला किंवा गायब झालेला दिसला, तर क्लायंटला काही कळवण्याआधी कोडची यादी तपासा. भरती असलेल्या रुग्णांसाठी घरी सोडल्याची तारीख धरली जात होती. त्यामुळे सप्टेंबरात दाखल होऊन ऑक्टोबरात घरी गेलेल्या रुग्णाच्या क्लेमवर नवे कोड असतात. तारखेवर फिल्टर लावताना हीच मंडळी निसटतात.

जॉइन केल्यावर आकडा फुगला

जॉइन म्हणजे दोन टेबलं एकमेकांना जोडणं. लक्षण सोपं आहे: एकूण खर्च अचानक वाढलेला दिसतो. कारण बहुधा सदस्यत्वाच्या, म्हणजे कोणाचा विमा कधीपासून कधीपर्यंत होता याच्या टेबलमध्ये असतं. एकाच माणसाच्या तिथे अनेक ओळी असतात. त्याने योजना बदललेली असते, नोकरी बदललेली असते, मध्ये दोन महिने विमाच नसतो. तारखेची अट न घालता क्लेम्स त्याला जोडले की प्रत्येक क्लेम तितक्या वेळा मोजला जातो. प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या, वेगळे सदस्य मोजायचे, एकूण रक्कम पाहायची आणि ती फायनान्सच्या आकड्याशी ताडून बघायची. कंटाळवाणं काम आहे, पण मी हे कोणालाही गाळू देत नाही.

दुसरा संशयित म्हणजे दुरुस्त झालेले क्लेम्स. आधीचा क्लेम, त्याला रद्द करणारी उणे रकमेची ओळ आणि सुधारलेला क्लेम, अशा तीन ओळी येतात. रकमेची बेरीज जुळते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण भेटी मोजायला गेलात तर एका भेटीच्या तीन होतात.

शेवटचे महिने स्वस्त वाटणं

उपचार आज झाला तरी क्लेम आज येत नाही. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याच्या मूळ योजनेत तर सेवेच्या तारखेपासून वर्षभर क्लेम दाखल करता येतो. त्यामुळे ताज्या दोन-तीन महिन्यांचा खर्च नेहमीच उतरलेला दिसतो आणि एखादा उत्साही विश्लेषक ‘खर्च कमी करण्याचा कार्यक्रम यशस्वी’ अशी स्लाइड करतो. मागच्या वर्षाचे तेच महिने, तितकाच काळ वाट पाहून जसे दिसत होते, त्यांच्याशी तुलना करा. ती जमत नसेल तर ते महिने अपूर्ण आहेत असं स्लाइडवर ठळक लिहा.

फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन करणं

सदस्य क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. अमेरिकेत प्रत्येक औषधाला मिळणाऱ्या एनडीसी या ओळख क्रमांकाचं तर विचारूच नका. वेष्टनावर तो दहा अंकी असतो, बिलिंगमध्ये अकरा अंकी, आणि जादा शून्य कुठे घालायचं हे त्या क्रमांकाच्या मांडणीवर ठरतं. आंधळेपणाने पुढे शून्य लावलं तर काही औषधं जुळतात, काही जुळत नाहीत, आणि न जुळलेली गुपचूप गळतात. न जुळलेल्या ओळी किती आहेत हे प्रत्येक वेळी छापा आणि त्यातल्या काही डोळ्यांनी वाचा.

इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय झालं ते प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला सांगायला हवं. कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमधून पुढे पाठवले जात होते. त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळींपुढे काही मावत नाही. परिणामी आठवडाभरात १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. मूळ चूक फाइलच्या प्रकाराची होती, पण तिची झळ त्या संपर्कातल्या माणसांना लागणार होती.

एककांकडेही लक्ष असू द्या. रक्तातली साखर कुठे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येते, कुठे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दोहोंत अठरापट फरक आहे. एकाच कॉलममध्ये ७ आणि १२६ दिसले तर सरासरी काढण्याआधी थांबा. ते दोन्ही आकडे जवळपास सारखेच असू शकतात. १९०० सालचा जन्म किंवा ९९९९ सालचा शेवट दिसला तर ती तारीख नसून रिकामी जागा भरण्याची सोय असते.

खर्चाला आजारपण समजणं

मॉडेल बनवणाऱ्यांसाठी हा मुद्दा. ‘कोणाला जास्त काळजीची गरज आहे’ हे मोजणं अवघड, म्हणून ‘कोणावर जास्त खर्च होईल’ हे मोजायचं, असा सोपा मार्ग पुष्कळ ठिकाणी घेतला जातो. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी अशाच एका मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या अल्गोरिदमची चिरफाड केली. सारखाच जोखीम-गुणांक असलेल्या गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी होते. उपचार कमी मिळत, म्हणून खर्च कमी, म्हणून गुणांक कमी. हा दोष दूर केला तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं त्यांनी दाखवलं.

मॉडेलची अचूकता उत्तम होती. विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. म्हणून मॉडेल काय ओळखतंय हे एका साध्या वाक्यात लिहा आणि ते टीममधल्या डॉक्टर किंवा नर्सला वाचून दाखवा.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असं वाटणं

नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा डेटा नावं काढून संशोधकांना दिला गेला. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व झिप कोड (तिथला पिनकोड) जुळवून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. आरोग्याच्या माहितीची गोपनीयता जपणारा हिपा हा अमेरिकी कायदा १९९६ चा. त्याखालच्या नियमांत ओळख पुसण्याची जी एक पद्धत दिली आहे, तिच्यात काढून टाकायच्या गोष्टींची अठरा कलमी यादी आहे. तारखांमध्ये फक्त वर्ष ठेवता येतं आणि ८९ च्या वरची सगळी वयं एकाच गटात टाकावी लागतात, कारण गावात ९७ वर्षांची एकच आजी असेल तर वय हेच तिचं नाव होतं.

लहान आकडेही ओळख सांगतात. मेडिकेअरचा डेटा वापरताना १ ते १० मधली रुग्णसंख्या दाखवता येत नाही. नवे लोक तक्त्यातला तो चौकोन झाकतात, पण शेजारी एकूण बेरीज ठेवतात. वजाबाकी केली की झाकलेला आकडा बाहेर! झाकताना दुसराही एक चौकोन झाकावा लागतो.

रोजच्या कामात डेटा फुटतो तो याहून साध्या वाटांनी: तिकिटाला जोडलेला स्क्रीनशॉट, चॅटवर टाकलेल्या ‘नमुन्याच्या’ पाच ओळी, टेस्टिंगसाठी उतरवलेली खरी फाइल, क्वेरी दुरुस्त करून घ्यायला बाहेरच्या एआय टूलमध्ये चिकटवलेला डेटा. अडचण दाखवायची असेल तर ओळ स्वतः रचा, खरी उचलू नका. आणि ओळखीच्या माणसाची नोंद कुतूहलापोटी उघडून पाहू नका, काळजीपोटीही नाही. कोणी काय उघडलं याची नोंद राहते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसाने ती माहिती तुम्हाला सांगितलेली नसते.

चूक कळल्यावर गप्प बसणं

चुकीच्या क्लायंटला फाइल गेली. घाबरून ‘ईमेल डिलीट करा’ असं परस्पर कळवायचं आणि विषय संपवायचा, हा मोह प्रत्येकाला होतो. तसं करू नका. हिपाच्या नियमांनुसार अशा कंपनीला ज्याचा डेटा आहे त्या क्लायंटला विनाविलंब आणि जास्तीत जास्त ६० दिवसांत कळवावं लागतं. हे दिवस वरिष्ठांना कळल्यापासूनच मोजले जातात असं नाही. चूक करणारी व्यक्ती सोडून दुसऱ्या कोणाही कर्मचाऱ्याला ती कळली, तरी कंपनीला कळलं असं धरलं जातं. म्हणजे शेजारच्या मित्राला सांगून दोघांनी गप्प बसलात तरी घड्याळ चालू झालेलं असतं. त्याच तासात लीडला आणि प्रायव्हसी टीमला सांगा. काय गेलं, कोणाला गेलं, किती वाजता गेलं, एवढं लिहा. कारणं नंतर देता येतात.

चुकलेल्या आकड्याचंही तसंच. स्वतःहून कळवलेली दुरुस्ती क्लायंट पचवतो. त्यानेच शोधून काढलेली चूक तो वर्षभर आठवतो.

तिकीट बंद करण्यालाच काम समजणं

इथे बरेच जण दोन वर्षांत कोमेजतात. तिकीट म्हणजे कामाची नोंदवलेली मागणी येतं, क्वेरी लिहायची, फाइल टाकायची, संध्याकाळी क्लायंटचा कॉल. रिपोर्ट कोण वाचतं हे माहीत नसतं. ते विचारा. बरेचदा पलीकडे एक केअर मॅनेजर नर्स असते आणि तुमची यादी हातात घेऊन ती एकेका घरी फोन करते. यादीवर मृत्यूची तारीख तपासलेली नसेल, तर तिचा फोन वारलेल्या माणसाच्या घरी जातो. हे एकदा समजलं की तपासणीची एक जादा ओळ लिहायला कोणाला सांगावं लागत नाही.

दोन टीमचे आकडे जुळत नसतील तर आधी व्याख्या समोरासमोर ठेवा, कोड नंतर. ‘३० दिवसांत पुन्हा भरती’ हेच घ्या: ठरवून केलेली भरती धरली का, दुसऱ्या रुग्णालयात हलवलेला रुग्ण धरला का, दिवस कुठून मोजले? भांडणं बहुधा इथेच मिटतात. कॉलवर कारण विचारलं आणि माहीत नसलं तर ‘तपासून उद्या सांगते’ म्हणा. अंदाजाने दिलेलं कारण क्लायंटच्या पुढच्या सादरीकरणात सत्य म्हणून छापलं जातं.

कंपनी निवडताना सरसकट रिव्ह्यू वाचणं

एकाच कंपनीत रुग्णांच्या नोंदी (चार्ट) वाचून त्यांना कोड देणारे मेडिकल कोडर असतात, डेटा इंजिनिअर असतात, विश्लेषक असतात. रोजचे चार्ट संपवण्याचं लक्ष्य असलेल्या कोडरचा अनुभव आणि प्रॉडक्ट टीममधल्याचा अनुभव यांचा काही मेळ नसतो. रिव्ह्यू कोणत्या कामाचा आहे ते पाहा. मुलाखतीत विचारा: क्लायंट विमा कंपनी आहे, रुग्णालय की औषध कंपनी? टीममध्ये वैद्यकीय पार्श्वभूमीचं कोणी आहे का? डेटा बिघडला तर दुरुस्ती कोण करतं? संध्याकाळचे कॉल आठवड्यातून किती? शेवटच्या प्रश्नाला मोघम उत्तर मिळालं तर तेच उत्तर समजा.

नोकरी बदलताना जुन्या कामाचे नमुने दाखवायचा मोह होतो. क्लायंटचा डेटा लांबच राहो, त्याच्या डॅशबोर्डचा फोटोसुद्धा नेऊ नका. सिंथिया हे मुक्त सॉफ्टवेअर पूर्ण काल्पनिक रुग्णांच्या नोंदी तयार करून देतं. मिमिक-४ हा बोस्टनच्या एका रुग्णालयातला, ओळख पुसलेला खरा डेटा आहे. मानवी संशोधनाच्या नियमांचं प्रशिक्षण आणि करारावर सही केल्यावर तो मोफत मिळतो. आधी सिंथियावर एक छोटा प्रकल्प करा, आणि निदानाचा नियम का निवडला ते त्यात चार ओळींत लिहा. मुलाखत घेताना मी आलेखांआधी त्या चार ओळी वाचते.