ग्रंथपालांनो, ऑनलाइन शिका. पण आधी अडलेलं काम पकडा

२०२० च्या टाळेबंदीत ग्रंथालय क्षेत्रात वेबिनारचं अमाप पीक आलं. सकाळी एक, दुपारी एक, शेवटी गुगल फॉर्म भरला की संध्याकाळपर्यंत ई-प्रमाणपत्र मेलवर हजर. बऱ्याच जणांच्या फायली जाड झाल्या. दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणारी वही, मात्र अजून हातानेच लिहिली जाते, नाहीतर एक्सेलमध्ये अर्धवट पडून आहे. आणि वाचकाने ‘याच लेखकाचं आणखी काय आहे?’ असं विचारलं की कपाटाकडेच धाव घ्यावी लागते. याचं कारण साधं आहे. आपण आधी अभ्यासक्रमाला नाव घालतो आणि मग त्याचा उपयोग कुठे होईल ते शोधत बसतो. पुढच्या पायऱ्या दुसऱ्या टोकाकडून सुरू होतात. गावच्या ‘ड’ वर्ग वाचनालयाचे ग्रंथपाल असोत, तालुक्याच्या ग्रंथालयातला देवघेव सांभाळणारा निर्गम सहायक असो की अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडम, सुरुवात सगळ्यांना एकच लागू आहे.

पायरी १ : अडलेलं काम एका ओळीत लिहा

देवघेवीच्या टेबलावर आठवडाभर एक वही ठेवा. जिथे हात अडेल, जिथे वाचकाला ‘नंतर बघून सांगतो’ म्हणावं लागेल, ते तिथल्या तिथे टिपा. ‘संगणक चांगला यायला हवा’ ही नोंद कामाची नाही. ‘ग्रंथपडताळणीला महिना जातो’, ‘एकाच लेखकाचं नाव पाच प्रकारे पडलंय’, ‘एम.ए.ची मुलं प्रबंध मागतात आणि मला फक्त गुगल माहीत आहे’, ‘जुने दिवाळी अंक स्कॅन करायचेत पण सुरुवात कुठून करायची’ या नोंदी कामाच्या.

आठवड्याच्या शेवटी त्यातली एकच ओळ निवडा. सगळ्यात मोठी नको, रोज खुपणारी घ्या. सहा-आठ आठवड्यांत ती खोडता आली पाहिजे.

पायरी २ : त्या ओळीला साजेशी जागा शोधा

पाया कच्चा असेल, म्हणजे वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं), संदर्भसेवा यांचं शिक्षण होऊन वर्षं लोटली असतील, तर पैसे खर्चायची गरज नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश संकेतस्थळावर ग्रंथालयशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांची घटकपुस्तकं मोफत मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ई-पीजी पाठशालेतही ग्रंथालय व माहितीशास्त्र हा विषय आहे. यातला काही मजकूर जुना झालाय, विशेषतः सॉफ्टवेअरचे भाग. वर्गीकरणाची तत्त्वं शिकायला मात्र आजही उत्तम. ज्यांना पदवीच घ्यायची आहे त्यांच्यासाठी इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हे नोकरी सांभाळून शिकायचे ओळखीचे रस्ते.

मुदतीचा आणि परीक्षेचा धाक असल्याशिवाय अभ्यास होत नाही असा स्वभाव असेल तर ‘स्वयम्’कडे वळा. २०१७ पासून चालू असलेल्या या सरकारी मंचावर जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. नोंदणी फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. बहुतेक अभ्यासक्रमांत ३० टक्के गुण अंतर्गत चाचण्यांचे असतात आणि चाचण्यांच्या तारखा निघून गेल्या की ते परत मिळत नाहीत. त्यामुळे नोंदणीच्या दिवशीच त्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून टाका.

महाविद्यालयीन ग्रंथपालांनी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्रावर नजर ठेवायलाच हवी. ग्रंथालयाचं कामकाज चालवणारं सोल हे सॉफ्टवेअर, प्रबंधांचं भांडार असलेली शोधगंगा, महाविद्यालयांना ई-नियतकालिकं पुरवणारी एन-लिस्ट हे सगळं तिथलंच. प्रबंध मागणाऱ्या मुलांची वरची ओळ तर शोधगंगेवर दोन दुपारी घालवल्या तरी खोडता येते: विषयाप्रमाणे, विद्यापीठाप्रमाणे, मार्गदर्शकाच्या नावाने शोध घेऊन बघा आणि मराठी विषयातले प्रबंध देवनागरीत टाइप करून व रोमनमध्ये टाइप करून, दोन्ही तऱ्हांनी शोधा. निकाल वेगवेगळे येतात. हे एकदा स्वतः पाहिलेला ग्रंथपाल मुलांना फार वेगळ्या पद्धतीने समजावतो.

सार्वजनिक ग्रंथालयातल्या मंडळींना ओसीएलसी या अमेरिकी ग्रंथालय संस्थेचं वेबजंक्शन हे शिकण्याचं संकेतस्थळ माहीत नसतं, ते असायला हवं. मोफत खातं उघडा, आपल्या गतीने शिका, प्रमाणपत्रही मिळतं. चिडलेल्या वाचकाशी कसं बोलावं, मुलांसाठी गोष्टींचा तास कसा घ्यावा, तुटपुंज्या जागेत पुस्तकं कशी मांडावीत, असे रोजचे विषय तिथे आहेत. फक्त एक पथ्य पाळा. तिथे पुस्तकं काढून टाकण्यावर सढळ हाताने सल्ले मिळतात. ते ऐकून उद्याच कपाट रिकामं करू नका. आपल्याकडे दाखल नोंदवहीतून पुस्तक कमी करायचं म्हणजे निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया, मंडळाचा ठराव आणि ग्रंथालय संचालनालयाचे नियम आले.

ग्रंथालयाचं संगणकीकरण शिकायचं असेल तर कोहा शिका. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालेली ही खुली प्रणाली आज भारतातही भरपूर वापरात आहे. कोहाच्या संकेतस्थळावर सरावासाठी चालू प्रतींचे दुवे असतात. तिथे दहा पुस्तकं चढवा, पाच सभासद करा, देवघेव करा, मोडतोड करा. सभासदांची नावं आणि फोन नंबर मात्र मनाने रचलेले टाका, रजिस्टरमधले खरे नकोत. शासकीय ग्रंथालयांत एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर असेल, तर तेच शिका. शेजारच्या तालुक्यात कोहा आहे म्हणून आपण तेच शिकायचं, यात अर्थ नाही.

पायरी ३ : ऐकता ऐकता हात चालवा

हीच पायरी लोक गाळतात, म्हणून इथे एक काम पूर्ण करून दाखवतो. समजा तुमची ओळ आहे: ‘एकाच लेखकाचं नाव पाच प्रकारे पडलंय.’ याचं औषध लायब्ररी कार्पेंट्री या मोफत पाठमालेत आहे. ग्रंथालयातल्या लोकांसाठीच लिहिलेले हे इंग्रजी पाठ आहेत. त्यातला ओपनरिफाइनचा पाठ उघडा. विस्कळीत याद्या साफ करायचं हे सॉफ्टवेअर दिसतं ब्राउझरमध्ये, पण चालतं आपल्याच संगणकावर, त्यामुळे तुमची नोंदवही बाहेर कुठे जात नाही. मूळ फाइललाही ते हात लावत नाही.

दाखल नोंदवहीच्या एक्सेल फाइलची प्रत करा आणि ती ओपनरिफाइनमध्ये उघडा. लेखकाच्या रकान्यावरचा छोटा बाण दाबून ‘टेक्स्ट फॅसेट’ निवडा. डाव्या बाजूला सगळ्या लेखकांची यादी येते, प्रत्येकापुढे किती नोंदी आहेत तो आकडा. एवढं पाहूनच पुष्कळांना घाम फुटतो. ‘अ. ब. जोशी’, ‘जोशी, अ. ब.’, ‘जोशी अ ब’, ‘अ.ब.जोशी’ हे चौघं एकच गृहस्थ असतात.

आता त्या यादीवरचं ‘क्लस्टर’ बटण दाबा. आधीपासून निवडलेली ‘फिंगरप्रिंट’ ही पद्धत विरामचिन्हं काढते, शब्द सुटे करून क्रमाने लावते आणि मग जुळवते. म्हणून पहिली तीन नावं ती एकत्र आणते. चौथं सुटतं, कारण त्यात जागाच सोडलेली नाही. टिंबं गेली की ‘अबजोशी’ असा एकच शब्द उरतो. पद्धत बदलून ‘एन-ग्रॅम फिंगरप्रिंट’ करा. ती मोकळ्या जागाही काढून टाकते, त्यामुळे ‘अ. ब. जोशी’ आणि ‘अ.ब.जोशी’ जुळतात. कोणतं रूप ठेवायचं ते लिहा, खूण करा, एकत्र करा. चुकलं तर ‘अनडू’ आहे.

यात दोन खड्डे खास मराठीचे आहेत आणि इंग्रजी पाठात ते सापडणार नाहीत.

पहिला: ‘ॲलर्जी’ असा शब्द कुणी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर टाइप करून लिहिलेला असतो, तर कुणी ‘अ’ला वेगळा चंद्र लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते निराळे. फॅसेटच्या यादीत एकच शब्द दोनदा दिसला आणि फरक काही केल्या कळेना, तर बहुधा हेच असतं. सगळीकडे एकच रूप करून घ्या, नाहीतर शोधपेटीत अर्धी पुस्तकं लपून राहतील.

दुसरा: जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर फाँट बदलला की त्या रोमन अक्षरांचा गिचमिडकाला दिसतात. त्या आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, तेही प्रतीवर, आणि मग जोडाक्षरं नजरेखालून घालावी लागतात. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास सरकतात.

आणि जुळलेलं प्रत्येक नाव डोळे मिटून एकत्र करू नका. आपल्याकडे आद्याक्षरं आणि आडनाव तंतोतंत सारखं असलेले दोन लेखक सहज निघतात. शंका आली की कपाटातून दोन्ही पुस्तकं काढा आणि मलपृष्ठ वाचा. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. चॅटबॉटला विचाराल तर तो ठामपणे उत्तर देईल, कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांच्या नावांसकट.

पाठ वाचायला एक दुपार लागते. तुमच्या स्वतःच्या फाइलवर करायला चार. शिक्षण त्या चार दुपारींत होतं.

पायरी ४ : प्रमाणपत्र चालेल का, हे आधी विचारा

महाविद्यालयीन ग्रंथपालांना हा विषय टाळता येत नाही, कारण स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या वेतनस्तरावरची बढती, त्यावर अडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पहिल्या टप्प्यासाठी २१ दिवसांचा उद्बोधन (ओरिएंटेशन) वर्ग आणि स्वयंचलन, डिजिटायझेशन अशा विषयांवरचं किमान ५ दिवसांचं प्रशिक्षण मागितलेलं आहे. तासाभराची पन्नास प्रमाणपत्रं जोडून उद्बोधन वर्ग होत नाही. हे वर्ग आता मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेच्या केंद्रांतून ऑनलाइनही होतात. फी भरण्याआधी माहितीपत्रक घेऊन कार्यालयात जा, अंतर्गत गुणवत्ता कक्षाला दाखवा आणि ‘हा कोणत्या कलमात बसतो?’ असं विचारा. उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या.

ज्यांच्या बढतीचा प्रश्नच नाही, त्यांनी प्रमाणपत्राचा नाद सोडावा. वाचनालयाच्या कार्यवाहांना रंगीत कागद दाखवण्यापेक्षा नीट झालेली लेखकयादी दाखवलेली बरी. ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द मोठ्या अक्षरांत, वक्त्याचं नाव बारीक अक्षरांत आणि शुल्क क्यूआर कोडने खासगी खात्यात, अशी जाहिरात आली तर पुढे सरकवू नका.

वेबिनार चांगला की नाही हे आधी ओळखता येतं. वक्ता स्वतः ग्रंथालयात ते काम करतो का, सरावासाठी फाइल देतात का, ध्वनिचित्रमुद्रण नंतर मिळतं का, एवढं पाहा. तीनही उत्तरं ‘नाही’ असतील तर ती दुपार कपाटं लावण्यात घालवा.

पायरी ५ : वेळ, भाषा, इंटरनेट

व्हिडिओ मोबाइलवर बघा, सराव संगणकावर करा. उलटं चालत नाही. वाचनालय उघडण्याआधीचा अर्धा तास सर्वांत कामाचा. संध्याकाळी वाचक आले की अभ्यास संपला. रेंज नसेल तर पाठ आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा. इंग्रजी जड जात असेल तर उपशीर्षकं चालू करा, वेग पाऊणपट करा आणि प्रत्येक पाठातल्या पाच-सात शब्दांसाठी स्वतःची वही करा. दोन महिन्यांत तेच तेच शब्द फिरून येतात आणि भीती जाते.

पायरी ६ : शिकलेलं दुसऱ्याला करून दाखवा

काम झालं की एका पानावर लिहा: आधी काय होतं, काय केलं, आता किती वेळ लागतो. हे पान कार्यकारी मंडळाच्या बैठकीत किंवा प्राचार्यांसमोर ठेवा आणि त्याच बैठकीत पुढच्या शिक्षणासाठी आठवड्याचे दोन तास मागून घ्या. नुसत्या विनंतीला नकार मिळतो, पान पाहून नकार द्यायला जड जातं.

मग सहायकाला शेजारी बसवा आणि माउस त्याच्या हातात द्या. जिथे समजावताना तुम्ही अडाल तिथे तुमचंच शिकणं कच्चं राहिलेलं असतं. तेवढा भाग परत वाचा. तालुक्यातले तीन-चार ग्रंथपाल मिळून महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बसलात तर आणखी उत्तम, मात्र प्रत्येकाने आपली खरी फाइल पडद्यावर उघडायची अट ठेवा. नाहीतर त्याचीही सभा होते.

सरावाला जग मोकळं हवं असेल तर विकिपीडियाची ‘वन लिब वन रेफ’ मोहीम आहे. ग्रंथपालांनी एखाद्या लेखात एक संदर्भ जोडायचा, एवढंच तिचं म्हणणं. २०१६ पासून ती चालू आहे आणि साधारण १५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी आणि १५ मे ते ५ जून अशी वर्षातून दोनदा असते. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचा, तालुक्याचा लेख उघडा. त्यात संदर्भ नसलेली विधानं भरपूर सापडतील, आणि ती तपासायला लागणारं जिल्हा गॅझेटियर किंवा नगरपालिकेची स्मरणिका कदाचित तुमच्याच संदर्भ विभागात असेल. पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक घालून संदर्भ जोडा, आणि तो कसा जोडला ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सहायकाला तिथूनच सुरुवात करता येईल.