आधी गेन, मग फेडर

आवाजाच्या मिक्सरवर नवा माणूस बसला की त्याचा हात आधी फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीवर) जातो. पण सुरुवात गेनपासून करायची. माइकमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलीव्होल्टचा. त्याला कामाच्या पातळीवर आणतो तो चॅनेलच्या (त्या माइकच्या उभ्या पट्टीच्या) वरच्या टोकाचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवणारा नॉब. ६० डीबी (डेसिबल) गेन म्हणजे व्होल्टेज १००० पट!

फेडर खाली ठेवा, पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल ऐकवणारं बटण) दाबा आणि माइकसमोरच्या पाहुण्याला बोलतं करा. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ नको, त्यात आवाज खोटा लागतो. आमच्या नागपुरात ‘तर्री-पोहे कुठले आवडतात?’ एवढं विचारलं तरी माणूस खुलतो (कधी कधी आवरत नाही). त्या बोलण्याची टोकं (सर्वांत मोठा आवाज) डिजिटल मीटरवर उणे १० डीबीच्या आसपास राहतील इतकाच गेन द्या. मग फेडर शून्याच्या खुणेवर. तिथे बोटभर सरकवलं तर थोडाच फरक पडतो. तळाशी तेवढ्यानेच आवाज गडप होतो.

मे महिन्यात बाहेरच्या कूलरची घरघर माइकात येत असेल तर गेनशी खेळू नका, माइक तोंडाजवळ घ्या. अंतर निम्मं केलं की बोलणं साधारण ६ डीबीने वाढतं, कूलर होता तिथेच राहतो. मग गेन तेवढा उतरवा.